हेडफोनची गोष्ट आणि ताईचे कान

हेडफोन म्हटले की आज डोळ्यांपुढे गाणी ऐकत चाललेली तरुण मुले येतात. बसमध्ये, लोकलमध्ये, सकाळी फिरायला जाताना, जिकडे पाहावे तिकडे कानात काहीतरी घातलेली माणसे दिसतात. आमच्या पिढीचे लोक त्यावर हमखास नाक मुरडतात. "शेजारी माणूस बसलाय याचेही भान नाही यांना," हे वाक्य बागेतल्या बाकावर मी किती वेळा ऐकले असेल त्याची गणती नाही.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाच्या शिक्षकाला एक खोड असते. कुठलीही वस्तू दिसली की ती मुळात कशासाठी जन्माला आली हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. हेडफोनबद्दल वाचायला बसले तेव्हा लक्षात आले, की पहिली चाळीस-पन्नास वर्षे हे यंत्र प्रामुख्याने कामकरी माणसांच्या डोक्यावर होते. आणि ते कान बंद करण्यासाठी नव्हते. लांबून येणारा क्षीण आवाज कसाबसा पकडता यावा म्हणून होते. हे वाचताना मला सारखी माझी थोरली बहीण आठवत राहिली. त्यामुळे ही गोष्ट हेडफोनची असली तरी मधूनमधून ताईची आहे.

सुरुवात टेलिफोनपासून करावी लागते. बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ साली. त्यातला ऐकायचा भाग अगदी साधा होता. एक कायमचा लोहचुंबक, त्याच्या टोकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, आणि समोर अगदी जवळ, पण न टेकता, बसवलेली लोखंडाची पातळ चकती. तारेतून बोलण्याचा विद्युतप्रवाह आला की चुंबकाची ओढ कमीजास्त होते, चकती तशी आतबाहेर थरथरते, चकतीपुढची हवा थरथरते आणि ती थरथर आपल्या कानाच्या पडद्याशी पोचते. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर म्हणायचे, "कानाचा पडदा हलवायचा तर आधी दुसरा एखादा पडदा हलला पाहिजे. मधली सगळी नुसती हमाली." हेडफोनचे आजचे सगळे प्रकार हे त्या दुसऱ्या पडद्याला हलवण्याचे वेगवेगळे मार्ग आहेत, एवढे लक्षात ठेवले तर पुढचे काहीच अवघड नाही.

त्या काळी आवाज मोठा करण्याची सोय नव्हती. जो काही प्रवाह तारेतून येईल त्याच्याच बळावर चकती हलायची. त्यामुळे रिसीव्हर कानाला घट्ट लावण्यावाचून गत्यंतर नसे. गिऱ्हाइकाला हे चालून जायचे, कारण त्याचा एक हात मोकळा असायचा. पण एक्स्चेंजमध्ये बसणाऱ्या ऑपरेटरला दोन्ही हात लागत. एका हाताने दोरीचा प्लग उचलायचा, योग्य भोकात बसवायचा, दुसऱ्या हाताने चिठ्ठीवर वेळ लिहायची. म्हणून रिसीव्हर पट्टीने डोक्यावर बांधला गेला, आणि बोलायचा भोंगा छातीवर अडकवला गेला. सुरुवातीला हे काम मुलगे करत. ते फार उद्धट बोलतात म्हणून कंपन्यांनी बायका नेमायला सुरुवात केली. एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर, १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टनमध्ये कामावर रुजू झाली. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला १८८२ साली एक्स्चेंज सुरू झाली.

आजच्या मुलांना आणखी एक गंमत सांगते. ऑपरेटर जो प्लग भोकात खुपसायची, तोच पाव इंची प्लग पुढे मोठ्या हेडफोनना आला, आणि त्याचीच धाकटी आवृत्ती म्हणजे साडेतीन मिलिमीटरची पिन, जी कितीतरी वर्षे आपल्या रेडिओत आणि मोबाइलमध्ये बसत होती. २०१६ साली आयफोनमधून ते भोक काढून टाकले तेव्हा बरीच ओरड झाली. एक्स्चेंजच्या बोर्डावरची ती वस्तू तोवर सव्वाशेहून अधिक वर्षे टिकली होती.

ताई १९६२ साली, विसाव्या वर्षी, जिल्ह्याच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. आमच्या घरात नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. अण्णांना ते आधी पसंत नव्हते, विशेषतः रात्रपाळी. पण पहिला पगार तिने आईच्या हातावर ठेवला आणि तो विषय संपला. भारतात एस.टी.डी. सुरू झाले ते नोव्हेंबर १९६० मध्ये, तेही फक्त कानपूर-लखनौ. बाकी सगळ्यांना ट्रंक कॉल 'बुक' करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे दर. पी.पी. म्हणजे ठरावीक माणूस फोनवर आला तरच जोडायचा. घरी फोन वाजला आणि ऑपरेटरचा आवाज आला की अर्ध्या घराचे काळजाचे ठोके चुकत, कारण ट्रंक कॉल म्हणजे बहुधा वाईट बातमी. ताई ड्युटीवरून घरी यायची तेव्हा डोक्यावर पट्टीची वळी उमटलेली असायची आणि एक कान लाल. वेणीचा खोपा पट्टीत अडकतो म्हणून ती तो नेहमी खाली, मानेवर बांधायची. ती सवय निवृत्तीनंतरही गेली नाही.

टेलिफोनच्या सुरुवातीला हौसेखातर ऐकणारेही होते, नाही असे नाही. १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेराचे गायन तारेने आणून लोकांना ऐकवले. प्रत्येक कानाला वेगळा रिसीव्हर, आणि रंगमंचावरच्या वेगळ्या ठिकाणचा आवाज. म्हणजे स्टिरिओच म्हणायचे! १८९१ साली एर्नेस्त मेर्कादिए या फ्रेंच इंजिनिअरने थेट कानाच्या भोकात बसणाऱ्या रिसीव्हरचे पेटंट घेतले. वजन पन्नास ग्रॅमच्या आत, आणि कानाला टोचू नये म्हणून रबरी टोप्या. आज मेडिकलच्या दुकानाशेजारी टांगलेल्या इअरफोनचे हे पणजोबा.

हेडफोनला खरे महत्त्व आले ते बिनतारी संदेशांमुळे. समुद्रावरच्या जहाजाला तारेने जोडता येत नाही. हवेतून येणारा संदेश इतका अशक्त, की साधा टेलिफोनचा रिसीव्हर त्यापुढे बहिराच. इथे अमेरिकेतल्या युटाचा नेथॅनिएल बाल्डविन येतो. त्याने लोखंडाची चकतीच ओढायची ही पद्धत बदलली. दोन चुंबकी टोकांच्या बरोबर मध्ये एक छोटी लोखंडी पट्टी त्याने तोलून धरली. तराजूचा काटा कसा मध्यावर असतो, एका तांदळाच्या दाण्यानेही कलतो, तशी. ती पट्टी एका काडीने अभ्रकाच्या पातळ पडद्याला जोडलेली. अगदी नगण्य प्रवाहानेही काटा कलायचा आणि पडदा हलायचा. या रचनेला 'बॅलन्स्ड आर्मेचर' म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९१० साली त्याने नमुना अमेरिकन आरमाराकडे पाठवला. त्यांनी तपासून पाहिला आणि शंभर जोड मागवले. बाल्डविनने कळवले की मी हे स्वयंपाकघरात बनवतो, एका वेळी दहाच होतील!

या यंत्राची किंमत काय, हे १९१२ च्या एप्रिलमध्ये जगाला कळले. 'कार्पेथिया' जहाजाचा बिनतारी ऑपरेटर हॅरॉल्ड कॉटम हा एकवीस वर्षांचा मुलगा त्या रात्री झोपायच्या तयारीत होता. एका संदेशाची पोच यायची होती म्हणून कपडे बदलतानाही त्याने हेडफोन काढला नव्हता. तेवढ्यात सहज म्हणून त्याने 'टायटॅनिक'ला हाक दिली, आणि उत्तरादाखल आली ती मदतीची याचना. कार्पेथियाने वाट बदलली आणि सातशेहून अधिक माणसे वाचली. टायटॅनिकच्या त्याहूनही जवळ 'कॅलिफोर्नियन' हे जहाज होते. त्याचा ऑपरेटर थोड्या वेळापूर्वीच यंत्र बंद करून झोपला होता. त्याची चूक म्हणता येत नाही, त्याची ड्युटी संपली होती. पण एका कानावर हेडफोन होता आणि दुसऱ्यावर नव्हता, एवढाच फरक.

कॉटमबद्दल वाचले तेव्हा मला ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवली. कोयनेचा भूकंप. ताई रात्रपाळीला होती. चार वाजून वीस-एकवीस मिनिटांनी सगळी इमारत हलली, बोर्डावरचे दिवे फडफडले, दोघी-तिघी बाहेर पळाल्या आणि परत आल्या. मग बोर्डावर एकामागून एक झडपा पडू लागल्या. पुण्यामुंबईहून जो तो विचारत होता, आमची माणसे कोयनानगरला आहेत, लाईन द्या. तिकडच्या लाइनी मुक्या झालेल्या. ताईची ड्युटी सकाळी संपत होती, ती दुपारी दोनला उठली. मध्येच कधीतरी एका तारेतून फार बारीक, खरखरीत आवाज आला आणि तिने तो समजून घेऊन पुढे पोचवला. काय होता तो निरोप, हे तिने आम्हाला कधीच सांगितले नाही. "लोकांचे बोलणे बोर्डावरच ठेवायचे असते," एवढेच म्हणायची. तिला मी तेव्हा सांगू शकले नाही, पण कॉटमच्या शेजारची खुर्ची मी मनातल्या मनात तिला दिली आहे.

आता रेडिओ. १९२० नंतर अमेरिकेत, युरोपात प्रक्षेपण केंद्रे निघाली. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. सुरुवातीचा स्वस्त रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला वीज लागत नसे, पण आवाज फक्त हेडफोनमध्येच येई. घरात माणसे पाच आणि हेडफोन एक. मग विलायतेतले लोक हेडफोन चिनी मातीच्या वाडग्यात ठेवत आणि सगळे भोवती डोकी जोडून बसत. वाडग्यामुळे आवाज जरा घुमतो. मला हे चित्र फार आवडते. पुढे व्हॉल्व्हमुळे आवाज वाढवता येऊ लागला, १९२५ च्या सुमारास चांगले लाउडस्पीकर आले, आणि खरे म्हणजे हेडफोनचे काम तिथेच संपायला हवे होते. आवाज आता चालत आपल्या खोलीत येऊ लागला होता. त्याला भेटायला कान घेऊन जाण्याची गरज उरली नव्हती.

तो उरला, कारण त्याने लाउडस्पीकरचीच विद्या उचलली. १९३७ साली बर्लिनच्या बायर कंपनीने डी.टी. ४८ नावाचा हेडफोन काढला. यात तारेचे वेटोळे चुंबकावर बसवलेले नसते. ते पडद्यालाच चिकटवलेले असते आणि चुंबकाच्या फटीत तरंगते. प्रवाह आला की वेटोळे स्वतःच हलते आणि पडद्याला बरोबर नेते. लोखंडाच्या जड चकतीऐवजी हलका पडदा, त्यामुळे खालचे आणि वरचे सूर जास्त स्वच्छ. याला 'डायनॅमिक' म्हणतात. आज बाजारात दिसणारे बहुतेक हेडफोन, शंभर रुपयांचे असोत की दहा हजारांचे, याच जातीचे. १९६० साली जपानच्या स्टॅक्स कंपनीने आणखी निराळा प्रकार विक्रीला आणला. दोन भोकाभोकाच्या पत्र्यांमध्ये अत्यंत तलम, विद्युतभारित पडदा. पत्र्यांवरचा भार बदलला की पडदा इकडून तिकडे ओढला जातो. त्याला 'इलेक्ट्रोस्टॅटिक' म्हणतात. फार महाग, फार नाजूक, शौकिनांचे काम.

गाण्यासाठी हेडफोन घरोघरी नेला तो अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या जॉन कॉसने. १९५८ साली त्याने स्टिरिओ हेडफोन काढला. खरे तर त्याला ग्रामोफोन विकायचा होता, हेडफोन सोबत दाखवायला नेला होता. लोकांनी ग्रामोफोनकडे ढुंकून पाहिले नाही, हेडफोन मात्र उचलून धरला. १९६८ साली जर्मनीच्या झेनहायझरने पाठ उघडी असलेला हेडफोन आणला. बंद हेडफोनमध्ये बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. उघड्यात दोन्ही थोडे होते, पण गाणे मोकळ्या जागेत चालले आहे असे वाटते.

आणि मग १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन आला. आमच्याकडे तो पाच-सहा वर्षांनी आला, मस्कतहून आलेल्या भाच्याबरोबर. घरातल्या प्रत्येकाने पाळीपाळीने कानाला लावून पाहिला. आईने लावला आणि एकदम ओरडूनच बोलायला लागली, तेव्हा आम्ही हसून लोळलो होतो. पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोके होती आणि एक नारिंगी बटण होते. बटण दाबले की गाणे हळू होऊन दोघे ऐकणारे एकमेकांशी बोलू शकत. सोनीच्या अकिओ मोरिता यांना वाटत होते की एकट्यानेच ऐकत बसणे हे असभ्य दिसेल. लोकांनी मात्र ते दुसरे भोक फारसे वापरले नाही. पुढच्या वॉकमनमधून ते गेले.

इथे मला वाटते हेडफोनचा इतिहास उलटा फिरला. आधी आवाज अशक्त होता म्हणून माणसाने कानाला यंत्र लावले. आता आवाज फार झाला म्हणून लावू लागला. अमर बोस यांचे उदाहरण याला चपखल आहे. त्यांचे वडील बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांच्या तुरुंगातून सुटल्यावर १९२० साली अमेरिकेला निघून गेलेले. मुलगा पुढे एम.आय.टी.त प्राध्यापक झाला. १९७८ साली झुरिकहून बोस्टनला येताना विमानात दिलेल्या हेडफोनवर इंजिनाच्या घरघरीपुढे गाणे ऐकू येईना. त्यांनी विमानातच वही काढून गणित मांडले. कल्पना अशी, की बाहेरची घरघर मायक्रोफोनने पकडायची आणि तिच्या बरोबर उलटी लहर हेडफोनमध्ये सोडायची. एकीचा चढ तिथे दुसरीचा उतार, म्हणजे दोन्ही मिळून शांतता. ही कल्पना १९३० च्या दशकातच पॉल लुएग या जर्मन संशोधकाने पेटंटमध्ये मांडली होती, पण ती कानावर बसवणे तेव्हा शक्य नव्हते. बोस यांचा वैमानिकांसाठीचा हेडफोन बाजारात यायला १९८९ उजाडले. शांतता ऐकवणारे यंत्र! बेलला हे सांगितले असते तर तो काय म्हणाला असता?

तरुण वाचकांना एकच गोष्ट शिक्षकी आवाजात सांगते. आपल्या प्रत्येक कानाच्या शंखात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या जन्मतः मिळतात तेवढ्याच. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित, पण ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. शेजारच्याला तुमचे गाणे ऐकू येत असेल तर कमी करा, बस.

आता ताईकडे येते. ती त्र्याऐंशी वर्षांची आहे. गेली चार-पाच वर्षे तिला ऐकू कमी येते. वयाने जाते ते आधी वरच्या पट्टीतले. म्हणजे 'आ', 'ओ' ऐकू येतात, पण 'स', 'श', 'थ', 'फ' अशी बारीक व्यंजने गळतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. म्हणूनच आपण ओरडलो तरी उपयोग होत नाही, नुसता आ मोठा होतो. घरात लग्नकार्याला सगळे जमलो की ताई मध्यभागी बसलेली असते आणि नुसती हसत असते. सगळे हसले की हसते. गेल्या वर्षी हे माझ्या लक्षात आले आणि पोटात तुटले. जिने पंचवीसएक वर्षे खरखरीतून माणसांची नावे आणि गावे बिनचूक निवडली, ती आपल्याच माणसांत अंदाजाने हसत होती.

यंत्र लावायला ती तयार नव्हती. "म्हातारीची पाटी गळ्यात कशाला?" म्हणायची. तेव्हा मी तिला बाल्डविनची गोष्ट सांगितली, सावकाश, समोर बसून. आजच्या कानातल्या यंत्रांमध्ये ऐकवणारा जो भाग असतो तो बहुतेक वेळा बॅलन्स्ड आर्मेचरच असतो. तोच तोललेला काटा, आता तांदळाच्या दाण्याहून थोडाच मोठा. म्हणजे ताई, हेही हेडफोनच, फक्त पट्टी नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे परत ड्युटीवर?"

पहिले दोन दिवस तिने ते काढूनच ठेवले. ताटाचा आवाज, कुकरची शिट्टी, वर्तमानपत्राची सळसळ, सगळेच अंगावर आले. ज्यांनी यंत्र बसवले त्या बाईंनी समजावले की मेंदू ते विसरलेला असतो, त्याला हळूहळू सवय करावी लागते. आता ती दिवसातून चार तास लावते. अजून दिवसभर लावत नाही, आणि टीव्हीसमोर बसताना काढून ठेवते, का ते विचारू नका.

घरातल्या मंडळींसाठी मुद्दाम लिहिते. दिवाळीला याल तेव्हा ताईशी समोर बसून बोला, पाठीमागून हाका मारू नका. ओरडू नका. एका वेळी एकाने बोला आणि टीव्ही बंद ठेवा. "जाऊ दे, काही नाही" हे वाक्य तिला कुणीही म्हणायचे नाही. तेच सर्वांत जास्त लागते, असे ती मला म्हणाली आहे.

बाकीच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी जुने एक्स्चेंज, क्रिस्टल सेट किंवा पहिल्या वॉकमनच्या आठवणी असतील तर जरूर लिहा. तुमच्या सगळ्या प्रतिक्रिया मी ताईला वाचून दाखवणार आहे, नेहमीच्या आवाजात.